काचेतली मिनी आणि गोदामातली फियाट

मी, उगमबाई फतेचंद भटेवरा, वय चौऱ्याहत्तर, राहणार बाजारपेठ, ओतूर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, व्यवसाय कागदोपत्री घरकाम आणि प्रत्यक्षात बी-बियाण्यांचं दुकान, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉ. रत्ना शिंदे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनवर येऊन थांबले तेव्हा त्या अजून तिसाच्या आसपास होत्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने आणून पाहिला होता, तो वाया गेला.

हे मृत्युपत्र मी गेल्यावर उघडायचं नाही. आज सह्या झाल्या की, जेवायला बसायच्या आधी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. गेल्यावर कोणाची तोंडं बघायला मिळत नाहीत, आणि मला ती बघायची आहेत.

आणखी एक खुलासा. आमच्या जैन धर्माप्रमाणे मी दर संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागते आणि सर्वांना क्षमा करते. तेव्हा या कागदात जे राग आले आहेत ते यंदाच्या संवत्सरीनंतरचे समजावेत. काही फार जुने वाटतील. ते दरवर्षी नव्याने येतात, त्याला माझा इलाज नाही.

कलम पहिलं. माझे वारस म्हणजे मुलगा प्रितम, त्याची बायको, त्यांचा मुलगा अरिहंत आणि मुलगी सिद्धी. यांच्यात सध्या बोलणं बंद आहे, त्याचं कारण नोंदवून ठेवते. पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका मोटार क्लबची रॅली आपल्या भागातून जाणार आहे, आणि सिद्धीला तीत आमची जुनी फियाट चालवायची आहे. तिने वर्षभर मंचरच्या गॅरेजात स्वतः आडवी पडून ती गाडी चालू केली. प्रितमने नाही म्हटलं आणि गोदामाला नवं कुलूप घातलं. गोदाम माझं, फियाट माझी, कुलूप तेवढं त्याचं. सिद्धी या रॅलीत गाडी चालवणार की नाही, एवढ्याच प्रश्नासाठी मी हा कागद करते आहे. बाकीची वाटणी हात लागलाच आहे म्हणून.

कलम दुसरं. राहतं घर प्रितमला. काहीही अट नाही. अट घातली असती तर त्याने ती पाळली असती, आणि मग जन्मभर लोकांना सांगत बसला असता.

कलम तिसरं. दुकान प्रितम आणि अरिहंत दोघांना. पाटी बदलायची असेल तर खुशाल बदला, पण गल्ल्यावर बसून फोनवर शेअर बाजार बघणाऱ्याने गिऱ्हाईकाला "काय पायजे?" असं वर न बघता विचारू नये. हे अरिहंतसाठी आहे. तो आत्ताही वर बघत नसेल.

कलम चौथं. दागिने सुनेला. ते ती मागून घालते आणि आठवणीने परत ठेवते. या घरात दोन्ही करणारी ती एकटीच. पतसंस्थेतली ठेव पांजरपोळाला जाईल. तिथली जनावरं निदान एकमेकांशी अबोला धरत नाहीत.

कलम पाचवं. बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत एक लोखंडी खेळण्यातली मोटार आहे. लाल रंग, पांढरं छप्पर, दारावर दोन आकडा, पुढे जास्तीचे दिवे. तळहातावर मावते. गाडीचं नाव मिनी. माझे दिवंगत यजमान एकदा मुंबईला वाटाण्याचं बियाणं आणायला गेले आणि बियाणं विसरून ही घेऊन आले. त्यांनी ती पेटीबाहेर कोणालाही काढू दिली नाही, प्रितमला तर मुळीच नाही. लहानपणी हा पोरगा काचेला नाक लावून उभा राहायचा आणि काच पुसायचं काम माझ्याकडे यायचं.

हे खेळणं ज्या खऱ्या गाडीचं आहे तिची हकीगत ओतूरच्या बाजारपेठेत सगळ्यांना पाठ आहे, कारण कोबीचं बी घ्यायला आलेला शेतकरी ती पूर्ण ऐकल्याशिवाय आमच्या दुकानातून सुटत नसे. फ्रान्सला लागून एक चिमुकलं राज्य आहे, तिथे माँटे कार्लोची रॅली होते, भर थंडीत, बर्फाच्या घाटांतून. तिथे मोठमोठ्या गाड्या येत, आणि ही एवढीशी मिनी त्यांच्या नाकावर टिच्चून चौसष्ट साली जिंकली, पासष्ट साली जिंकली. सहासष्ट साली तर पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही नंबर मिनीचे. मग तपासनीस बसले. गाडी खोलून पाहिली, इंजिनात काही सापडेना. शेवटी दिवे सापडले. पुढचे दिवे नियमात बसत नाहीत म्हणून तिन्ही गाड्या बाद, आणि पहिला नंबर एका फ्रेंच गाडीला. इथपर्यंत आलं की यजमान हात झटकायचे आणि म्हणायचे, "बगा राव! दिव्यावरनं बाद!" शेतकरी म्हणायचा, "लई वाईट झालं, शेठ," आणि बी घेऊन सुटायचा.

त्यांना ती हकीगत एवढी का लागायची ते गिऱ्हाइकाला माहीत नसे. मला माहीत आहे. ते पुढच्या कलमात.

अरिहंतने या मिनीचा फोटो काढून इंटरनेटवर विकायला टाकला होता. मूळ खोकं नाही म्हणून भाव निम्माच येतो, असं त्याने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. माझंही मूळ खोकं हरवलेलं आहे, तेव्हा जपून बोलावं.

ही मिनी मी प्रितमला देते. ज्याला खऱ्या गाडीची धास्ती वाटते त्याला खेळण्यातली बरी. पण प्रितम, ती पेटीतून काढ. हातात घे, फरशीवर चालवून बघ. चाकं फिरतात. तुला कोणी हे सांगितलंच नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कलम सहावं. हे कलम लांब आहे. ज्यांना भूक लागली असेल त्यांनी पाणी प्यावं.

एक्क्याऐंशी साली अशीच एक रॅली पुण्याहून निघून मंचर, घोडेगाव, जुन्नर करत ओतूरला संपणार होती. यजमानांनी तीत फियाट घातली. शेजारी बसून वाट आणि वेळ सांगायला माणूस हवा होता, तर मला घेतलं, कारण दुकानातला तोंडी हिशेब मीच करत असे. या रॅलीत जोरात पळायचं नसतं. ठरवून दिलेल्या वेगाने जायचं असतं. उशिरा पोचलात तरी गुण जातात, लवकर पोचलात तरी जातात. नवऱ्याला लवकर पोचू न देणं हेच माझं काम, आणि ते सोपं नव्हतं.

तेव्हा चातुर्मास चालू होता. माझ्या सासूबाईंनी मुलाकडून वचन घेतलं होतं: चातुर्मासात दिवे लावून गाडी चालवायची नाही, उजेडावर पाखरं येऊन मरतात. यजमानांनी वचन दिलं आणि नंतर रॅलीचा अर्ज भरला. दिवसाउजेडी पोचू असा त्यांचा अंदाज होता. वाटेत कुठे तरी रस्ता खोदलेला निघाला, सगळ्यांनाच थांबवून ठेवलं, आणि जुन्नर सोडताना दिवस मावळला.

मी म्हटलं, "अहो, दिवे लावा."

"बाईला शब्द दिलाय," हे म्हणाले. आपल्या आईला ते बाई म्हणत.

"मग गाडी थांबवा."

"थांबलो तर हरलो."

तेवढ्यात पुढे ओतूरच्या बाजाराला निघालेला कांद्याचा ट्रक दिसला. यजमानांचा चेहरा उजळला. ते त्याच्या मागे लागले आणि त्याच्या उजेडात गाडी हाकायला लागले. "दिवा त्याचा, पाखरं त्याची," मला म्हणाले, "आपण फक्त मागं." कांदा आमच्या घरात शिजत नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही कांद्याच्या वासात, दुसऱ्याच्या पापाच्या उजेडात पुण्य राखत चाललो होतो. मी जीव मुठीत धरून बसले होते. आणि खरं सांगायचं तर इतकी खूश मी त्याआधी कधी नव्हते, त्यानंतरही नाही. कारण ट्रक नेमका आम्हाला हव्या त्या वेगाने चालला होता. थोडा पुढे-मागे झाला की मी सांगायचे, "आता जरा अंतर सोडा," आणि हे, जन्मात पहिल्यांदा, मी सांगितलेलं ऐकत होते.

ओतूरला गुण लागले तेव्हा आमचा नंबर पहिला होता.

दुसरा नंबर महाळुंगे पडवळच्या सावळेराम पडवळांच्या जीपचा. ते यजमानांचे जिवलग, आमच्याकडूनच बियाणं नेणारे. ते आमच्या मागोमाग येत होते. त्यांनी पंचांकडे जाऊन सांगितलं, "भाऊ, या फियाटला दिवंच नव्हतं. मी मागून बगत व्हतो." पंचांनी यजमानांना विचारलं. खोटं बोलणं आम्हाला वर्ज्य. फियाट बाद झाली, चषक जीपला गेला. मी सावळेरामांना तिथेच विचारलं, असं का केलंत म्हणून. "वहिनी, रागावू नगा," ते म्हणाले, "पन नियम म्हंजे नियम. आन तुमी मेला असता की वो दोघं बी."

हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मी ते अजून विसरलेले नाही. दर संवत्सरीला मी त्यांना फोन करून क्षमा मागते. ते विचारतात, "कशाबद्दल, वहिनी?" मी म्हणते, "तुम्हाला ठाऊक आहे," आणि फोन ठेवते. चषक त्यांच्या शोकेसमध्ये आहे. त्यात ते बटणं ठेवतात.

घरी आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "बाईमाणूस शर्यतीत बसलं, म्हणून असं झालं." वचन कोणी घेतलं, ट्रकमागे कोण लागलं, यातलं काही नाही. यजमान तेव्हा शेजारीच उभे होते. माझं गणित कुठेही चुकलं नव्हतं, आणि हे त्या घरात सांगू शकणारा एकटाच माणूस होता, तो चपला काढण्यात गुंतला होता. त्यानंतर ना ते कुठल्या रॅलीत गेले, ना मला कोणी विचारलं. फियाट गोदामात गेली. नंतर त्यांना कुठून तरी मिनीची हकीगत कळली, आणि मग ते जन्मभर त्या सहासष्ट सालात बसून राहिले.

कलम सातवं. मिनीची पुढची हकीगत मला गेल्या दिवाळीत सिद्धीने सांगितली. पुढच्या वर्षी, सदुसष्ट साली, मिनी नियमात बसणारे दिवे लावून पुन्हा माँटे कार्लोला गेली आणि जिंकली. मी पोरीला दोनदा विचारलं. तिने फोनवर दाखवलं. यजमानांना हे माहीत नव्हतं असं मी धरून चालते. माहीत असून ते कोबीच्या गिऱ्हाइकांना सहासष्टपर्यंतच सांगत असतील, तर त्यांचा माझा हिशेब वर गेल्यावर होईल.

कलम आठवं. या मृत्युपत्राला सावळेराम पडवळ साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळू नये, असं वकील म्हणाले. मी लगेच सावळेरामांना फोन केला. ते आज आले, चष्मा लावला आणि म्हणाले, "वहिनी, माजं नाव हाय का ह्यात?"

"आहे," मी म्हटलं.

"बरं लिवलंय का वाईट?"

"जे झालं ते लिहिलंय."

"मंग वाईटच असनार," म्हणाले, आणि चहा मागितला. चहा दिला आहे.

कलम नववं आणि शेवटचं. फियाट. या कागदात फियाट कोणालाही दिलेली नाही, ती शोधत बसू नये. मी मरेन आणि मग पोरीला गाडी मिळेल, एवढी वाट बघण्याइतका माझा स्वभाव चांगला नाही. आज सकाळी मी गोदामाचं कुलूप तोडून घेतलं. तोडणाऱ्याने "प्रितमशेठला इचारलं का?" असं विचारलं, त्याला मी गोदामाचा सातबारा दाखवला. गाडी सिद्धीच्या नावावर करायच्या कागदांवर सही केली, किल्ली तिच्या हातात दिली. ती रडली. मीही थोडी रडले.

प्रितम, तुझा आक्षेप काय होता ते मी तुझ्याच शब्दांत लिहिते: "आई, लोक काय म्हणतील? पोरगी रातीची रानावनातून गाडी चालवनार, आन शेजारी कोन बसनार? क्लबातला कुनी पोरगा?" लोकांचं मी सांगू शकत नाही. माझ्या वेळी ते म्हणाले होते, आणि मी त्यावर गप्प बसले, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. पण तुझा दुसरा प्रश्न रास्त आहे, आणि तो सुटला आहे.

गेला आठवडाभर तुम्ही सगळे कुजबुजत होतात. म्हातारी एवढ्या घाईने मृत्युपत्र का करते, डॉक्टरीणबाई घरी कशाला आल्या, म्हणून. अरिहंतने तर माझ्या ताटात न मागता श्रीखंड वाढलं. मला काहीही झालेलं नाही. रॅलीचा अर्ज भरला आहे. चालक, सिद्धी प्रितम भटेवरा. शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारी, उगमबाई फतेचंद भटेवरा. क्लबवाल्यांनी वय विचारलं, ते सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचा दाखला मागितला, तोच इथेही जोडला आहे. रस्त्याचं काही सांगता येत नाही, म्हणून जाण्याआधी घर मार्गी लावलं, इतकंच.

आम्ही दोघी सहा तारखेला पहाटे निघतो. प्रितम, दुकान उघडायला तू आहेसच.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, सिद्धीने लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला आणि तिला गाळावीशी वाटलेली तीन वाक्यं मी परत घालायला लावली. ते मान्य करून साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: ओतूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

(सही) उगमबाई फतेचंद भटेवरा

साक्षीदार:
१. (सही) सावळेराम कुशाबा पडवळ, राहणार महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव
२. (सही) डॉ. रत्ना शिंदे, राहणार ओतूर, तालुका जुन्नर