चोवीस अंड्यांचा न्याय

चिंचवड, बुधवार

तीर्थरूप अब्बाजान बरकतमियाँ यांना जावई कादरचा अदबीनं सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? चाकणात थंडी पडली असेल, तेल चोळून घेत जा. आम्ही इथे खुशाल आहोत. (आम्ही म्हणजे सध्या मी एकटाच.) बिल्किस कोंबडीसकट तुमच्याकडे सुखरूप पोचली असेलच. तिनं काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून खरी हकीकत कळवतो. ऐकून तुम्ही माझी पाठ थोपटाल, पैज लावतो!

झालं असं, की आमच्या ओव्हरसियरसाहेबांच्या सुमनताईंनी पुण्याहून विलायती कोंबडीची दहा अंडी आणली. उबवायला त्यांच्याकडे कोंबडी नाही. म्हणून त्यांनी जाहीर केलं, की चाळीतली जी खुडूक कोंबडी जास्त भरवशाची, तिच्याखाली अंडी ठेवायची आणि निम्मी पिल्लं त्या घराची. सध्या खुडूक दोनच, आमची आणि शेजारच्या शालनबाईंची. मागच्या खेपेला आमचीनं बारा अंड्यांतून सात पिल्लं काढली, त्यांचीनं आठांतून पाच. बिल्किस म्हणे, सात जास्त. शालनबाई म्हणे, तुमची पाच वाया गेली, माझी तीनच. नळावर अशी जुंपली, की हंडे भरून वाहायला लागले तरी कुणाचं लक्ष नाही.

तेवढ्यात मी कामावरून आलो, आणि अब्बा, काय संचारलं अंगात म्हणून सांगू! कारखान्यात आम्हा कामगारांचा वर्ग भरतो, तिथे मास्तरांनी नुकतेच अपूर्णांक शिकवले होते. दोन अपूर्णांकांत मोठा कोणता हे नुसतं बघून कळत नाही, आधी दोघांचे छेद सारखे करायचे. (छेद म्हणजे खालचा आकडा. इथे तर कोंबडीखालची अंडीच, किती सोपं आहे बघा.) बाराच्याही पाढ्यात आणि आठाच्याही पाढ्यात सापडणारा पहिला आकडा चोवीस. कोळसा घेतला आणि नळाच्या भिंतीवर लिहून काढलं. दोघींना चोवीस-चोवीस अंडी द्या. आमची बारा-बारांवर दोनदा बसेल, पिल्लं चौदा. शालनबाईंची आठ-आठांवर तीनदा बसेल, पिल्लं पंधरा. म्हणजे शालनबाईंची सरस, तीही फक्त एका पिल्लानं! इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. (हे आपलं बोलण्याच्या ओघात.)

आता जिंकलेल्या बाईनं खूश व्हावं की नाही? ती माझ्यावरच उखडली. "आवं, लागोपाठ तीनदा बसवली तर मरंल की माझी कोंबडी." मी समजावलं, की बाई, ही नुसती मनातल्या मनात बसवायची. तर म्हणाली, मनात तरी कशाला मारायची गरिबाची कोंबडी? सुमनताईंना मात्र पटलं, आणि अंडी शालनबाईंच्या टोपलीत गेली.

बिल्किसनं भिंतीवरचा हिशेब वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "हिशेब बरोबर आहे. पण तो तुम्हालाच का सुचला?"

याचं उत्तर मास्तरांनी शिकवलेलं नाही. ती कोंबडी काखेत मारून एस.टी.त बसली. तिनं पिल्लांसाठी खुराडंसुद्धा लिंपून ठेवलं होतं हो, ते बघवत नाही. घर खायला उठतं, तिच्यावाचून करमत नाही. तिला समजावून पाठवा.

तुमचा,
कादर

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. शालनबाईंची कोंबडी आज सकाळी अंड्यांवरून उठली, ती पुन्हा बसायचं नाव घेईना. सुमनताई रडकुंडीला आल्यात. हे पत्र नवाब कंडक्टरच्या हाती देतोय, त्याच्याच परतीच्या गाडीनं आमची कोंबडी ताबडतोब पाठवा. बिल्किस मागाहून सवडीनं आली तरी चालेल.

आणखी ता. क. वरचं शेवटचं वाक्य बिल्किसला वाचून दाखवू नका.

आणखी एक ता. क. तुमचा चष्मा फुटलाय, म्हणजे हे पत्र तुम्हाला बिल्किसच वाचून दाखवणार, हे आत्ता आठवलं. नवाब घंटी देतोय, दुसरा कागद जवळ नाही. बिल्किस, आधी तू ये. कोंबडी आली नाही तरी चालेल. स्टँडवर अंडी गोधडीत गुंडाळून मीच मांडीवर घेऊन बसलोय, आणि उद्या मला पहिली शिफ्ट आहे.