दारावरचा मालगुजार

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज पुन्हा तेच! गरम पोळी वाढायले गेली तर मामाजींनी ताटावर हात आडवा धरला. "राहू दे. यमुताई येते." घरात सून उभी, अन् सासऱ्याच्या दोन पोळ्या लाटायले वाडीच्या त्या टोकावरून बाई येते! काहून? तर मी उमरेडच्या विणकर कोष्ट्याची पोरगी, अन् ते मालगुजार! लग्नाले चार वर्षं झाली. माझ्या हातचा घोटभर चहा नाही घेतला. नाव नाही घेतलं. "ए", नाहीतर "कुशलची बायको".

इथं वहीत तरी त्याले अहो-जाहो करणार नाही. मले त्याले माझ्या हातचा चहा पाजायचा आहे. दुसरं काहीच नको.

११ ऑगस्ट

कुरिअरवाल्या पोट्ट्यानं दारावरची पाटी वाचली – 'शालिकराम, मालगुजार'. विचारते, "मालगुजार सरनेम आहे का, अंकल?" मामाजीचं तोंड पाहण्यासारखं! "सरनेम नाही बे, किताब आहे, किताब! नरखेडकडे अख्खं गाव होतं आमचं!"

होतं! आता त्या गावात यांची शेळीसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मी विचारलं, "मामाजी, पण अर्थ काय त्याचा?"

"मालाचा मालक! अजून काय?" उत्तर मले, तोंड भिंतीकडे.

१२ ऑगस्ट

दुपारी सीताबर्डीले, मी कामाले जाते त्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साड्यांच्या घड्या घालता घालता मोबाइलवर शोधलं. फारसी शब्द. माल म्हणजे सरकारचा सारा, गुजार म्हणजे भरणारा. अव माय! मालक-बिलक काही नाही – गावाकडून सारा गोळा करायचा अन् सरकारात नेऊन भरायचा! इंग्रजानं मग त्याच लोकांले गावाचे मालक करून टाकलं. स्वातंत्र्य आलं, अन् पाठोपाठ कायद्यानं सगळं गेलं. मामाजीचा तर जन्मच त्याच्यानंतरचा!

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुकानात एकटीच हसत बसली मी.

१५ ऑगस्ट

कुशलले सांगतलं. तो म्हणते, "जाऊ दे न वं. म्हातारा माणूस, त्याच्याजवळ दुसरं आहे काय?"

मग माझ्याजवळ काय आहे? विचारलं तर मोबाइल घेऊन बसला. बापासमोर तोंड उघडत नाही. भैताड!

१७ ऑगस्ट

पोळा आला. मामाजीनं फेट्याले इस्त्री करून आणली. दरवर्षी नरखेडकडच्या त्या गावात तोरणाखाली पहिली जोडी मालगुजाराची, अन् तोरण तोडायचा मानही त्याचाच. बैल कोणाचे? गावातल्या शेतकरी रजतचे! वर्षभर वखराले रजत, अन् पोळ्याच्या दिवशी त्याच बैलांवर मालगुजाराची झूल.

रजतले फोन लावला. "वहिनी, पोट्टे चिडूनच आहेत गावात," म्हणे. मी त्याले मालगुजारचा अर्थ सांगतला. मग एक झडतीही रचून दिली, बैलांपुढं म्हणायच्या टोमण्याच्या दोन ओळी. पोळ्यात बैलांपुढं म्हटलेल्या झडतीचा राग धरता येत नाही – रीतच आहे. मरू दे, एकदा ऐकू दे त्याले!

२२ ऑगस्ट, पोळा

झालं! सगळं गाव जमलं होतं. मामाजी फेटा बांधून तोरणाखाली, हात वर. तेवढ्यात रजत पुढं आला अन् खणखणीत आवाजात –

"साऱ्याची पिशवी वाही, गावाचा म्हणवी राव,
बैल आणले मागून अन् मालगुजार नाव!
एक नमन... हर बोला, हर हर महादेव!"

काय हसले लोक! बाया पदर तोंडात घालून हसल्या. मामाजीचा हात वरच राहिला. मग कोणीतरी ओरडलं, "ज्याचे बैल, त्याचा मान!" – अन् रजतनंच तोरण तोडलं. मीही हसली. मोठ्यानं हसली!

परतीच्या एसटीत मामाजीनं विचारलं, "हे त्या पोट्ट्याले कोणं सांगतलं?"

कुशल खिडकीबाहेर पाहून राहिला होता.

"मी," म्हटलं.

मामाजीनं फेटा उतरवून पिशवीत टाकला. मले वाटलं होतं ओरडेल, मी तयारीतच होती.

२४ ऑगस्ट

मामाजीनं पाटी काढली. स्वतःच, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. दारावर तेवढाच चौकोन पांढरा दिसते. कुशल मले म्हणते, "झालं समाधान?"

हो, झालं! चार वर्षं कोणी मले विचारलं होतं का?

२६ ऑगस्ट

यमुताई सांगत होती, "म्हातारा अर्धी पोळी टाकून उठला वं." उठू दे.

२९ ऑगस्ट

सकाळी चहा ठेवला होता. मामाजी स्वयंपाकघराच्या दारात आला. मग म्हणाला, "मिनल, बाई... मलेही देतं का वं घोटभर?"

मी म्हटलं, "यमुताई येईल नऊले. तिलेच मागा." अन् उरलेला चहा मोरीत ओतला.