खिसा पुढच्या खेपेला

दि. ५ जानेवारी

ती. वन्संस सा. न. वि. वि.

पार्सल काल मिळालं. चालायचे बूट एक जोड, लोकरी पायमोजे दोन जोड आणि माझ्यासाठी शाल. बुटांवरची किंमत तुम्ही काढून टाकली असली तरी खोक्याच्या तळाशी दुसरी चिठ्ठी होती. वर टपालाची तिकिटं डकवलेली, तीच बुटांच्या चौथ्या हिश्शाएवढी. रागावू नका, पैसा असा वाटेत सांडलेला दिसला की माझा जीव खालीवर होतो. शाल मात्र लगेच पांघरली.

बूट ह्यांच्या पायाला बरोबर बसले, आणि बसूनच राहिले. बायपासला चार महिने झाले. देवाच्या कृपेने जखम भरली आहे. पण आरोग्य केंद्रातला हृदयरोग्यांचा व्यायामवर्ग ह्यांनी दोन आठवड्यांत सोडला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, तिथली माणसं गबाळी आहेत, एकाच्याही सदऱ्याचा खांदा खांद्यावर नाही, असल्या मेळाव्यात मी हातपाय हलवणार नाही. शिंप्याला शोभेलसं कारण, पण डॉक्टरांना सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते स्पष्टच बोलले, की ऑपरेशनने वाट मोकळी करून दिली, पुढे चालायचं काम ह्यांचं. नुसते बसून राहिले तर हृदय पुन्हा दुबळं होईल.

आणि हे नुसते बसतात. खुर्चीत, दोन्ही कोपरं कुशीला चिकटवून, थंडी वाजल्यासारखे. वरच्या फळीवरचं काही काढत नाहीत. पाठ मी पुसते, सदरा मी चढवते. दुकानाला कुलूप आहे. आता शिलाईमशीनही विकायला काढलं आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गिऱ्हाईक हातगाडी घेऊन येणार. मशीन गेलं की हे खुर्चीतून उठायचे नाहीत, वन्स.

वर्ग सोडलेल्यांच्या घरी केंद्राच्या नर्सबाई जातात, त्या पुढच्या सोमवारी येतील. पण परकं माणूस काय करणार? हे जगात भितात ते तुम्हाला एकट्यांना. एक खरमरीत पत्र ह्यांच्या नावे टाका.

लोभ आहे, तो उसवू देऊ नये ही विनंती.

तुमची वहिनी


दि. ९ जानेवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

किमतीची चिठ्ठी तळाशीही असते हे मला ठाऊक नव्हतं, तुला बरी सापडली. पुन्हा टपालखर्च मोजलास तर पुढच्या वेळी हत्ती पाठवीन, मग त्याच्या खुराकाचा हिशेब लिहीत बस.

खरमरीत पत्र काही टाकणार नाही. बटणावर ओरडून उपयोग नसतो. (लहानपणी एवढासा होता म्हणून बटण. आता टक्कल पडलं तरी माझ्यासाठी तो तेवढाच.) ओरडलं की तो अधिकच घट्ट बसतो. पण तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी सारखी अडते आहे, कोपरं कुशीला चिकटवून बसतात, त्या ओळीपाशी.

आमचे बाबा त्याला शिकवायचे, की दुसऱ्याच्या हातची शिवण दोन्हीकडून ओढून बघितल्याखेरीज अंगात घालायची नाही. माझ्या लग्नात ह्या पठ्ठ्याने नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही ओढून बघितली आणि ती सगळ्या पाहुण्यांदेखत खांद्यापासून सुटली. सासूबाईंनी शेवटपर्यंत माफ केलं नाही त्याला. बाही खरंच कच्ची होती, पण ते त्यांना कोण सांगणार? आता तूच बघ. जन्मभर ज्याने परकी शिवण मानली नाही, त्याच्या छातीवर वीतभर परकी शिवण आहे, आणि ती ओढून बघायची सोय नाही. मला वाटतं, हात वर केला तर ती उसवेल असं भय त्याने घेतलं आहे. गबाळे सदरे हे नुसतं अस्तर, वहिनी, कापड निराळंच आहे.

त्याला विचारू नकोस, कानाला हात लावील पण कबूल करायचा नाही. नर्सबाईंच्या कानावर घाल. मशीन बाबांचं आहे, ते जाऊ नये असं मलाही वाटतं. तरीही अडवू नकोस, अडवलंस तर हट्टाने विकेल.

आमचा चौथा मजला, लिफ्ट अजून नाही. दर हिवाळ्यात तो कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून जिने चढून यायचा आणि दारातच माझ्या जुन्या कोटाला नावं ठेवायचा. यंदा कोट खुंटीवर तसाच आहे. त्याला नावं ठेवायलासुद्धा कोणी आलं नाही.

लांबून काळजी करायला पैसे पडत नाहीत, पण झोप जाते. लवकर लिही.

तुझी वन्स


दि. १३ जानेवारी

ती. वन्संस सा. न. वि. वि.

तुमचा नेम बरोबर बसला. पत्र काल सकाळी आलं आणि दुपारी नर्सबाई आल्या. बाई इतक्या उंच, की आमच्या दारातून वाकून याव्या. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन तुमचं पत्र हळूच वाचून दाखवलं. लग्नातल्या कोटापाशी त्यांना हसू आवरेना, स्वतःला पदर नाही म्हणून माझाच पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, घरी सोडताना इस्पितळात सांगतात, की काही आठवडे हात वर करू नका, ओझं उचलू नका. ती मुदत संपली हे पुन्हा कोणी सांगत नाही, आणि पुष्कळ जण ते जन्माचं पथ्य धरून बसतात. वर्ग सोडणारा जे कारण तोंडाने सांगतो, ते बहुधा खरं नसतंच. बेकरीवाला म्हणतो वेळ नाही, शाळेच्या बाई म्हणतात गुडघा दुखतो, आणि घाबरलेले असतात सगळेच.

बाहेर येऊन त्यांनी ह्यांना व्यायामाचा व सुद्धा काढला नाही. म्हणाल्या, तुमचं खरं आहे, आम्ही सगळे गबाळेच, माझाच कोट बघा. ह्यांना राहवलं नाही. हे म्हणाले, याला कोट म्हणत नाहीत, बाह्या लावलेलं पोतं म्हणतात. मग घ्या माप, म्हणून बाई पाठ करून उभ्या राहिल्या.

ह्यांनी टेप घेतली. बाई ताडासारख्या, खांदा गाठायचा तर हात डोक्याएवढा न्यायला हवा. हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. दुसरा हात आपसूक स्वतःच्या छातीवर. मी दाराआड देवाचं नाव घेत उभी. मग ह्यांनी विचारलं, की आत दोरा कुठला वापरला आहे. बाई वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, दोरा नाही, हाड पोलादी तारेने बांधलं आहे, आणि आता ते आपलं आपण जुळलंही आहे. वरून दिसत होते ते तुमच्या भाषेत कच्चे टाके. ह्यांनी विचारलं, पण ओढून कोणी बघितलं? बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी तपासलं आहे, आणि तुम्ही रोज खोकता, शिंकता, ते काय कमी ओढणं आहे?

मग, वन्स, हात वर गेला. सावकाश, पण बाईंच्या खांद्यापर्यंत. आणि पहिलं वाक्य काय, तर म्हणे तुमचा डावा खांदा उतरलेला आहे, पिशवी उजवीकडे घेत चला.

आता वर्गातल्या सगळ्यांसाठी हे सैल सदरे शिवणार. कापड केंद्राचं. मापं वर्गातच घ्यायची आहेत. हे बजावून सांगतात, की मापापुरता जाईन, व्यायाम करणार नाही. बाई हो म्हणाल्या. मशीनचं मात्र ह्यांनी अजून काही ठरवलेलं नाही.

तुमची वहिनी


दि. २० जानेवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, मग रडले, तोवर भाजी करपली. करपलेलीच वाढली.

मापापुरता जाईन म्हणतो ना, जाऊ दे. बाबांनीही त्याला मशीनवर नुसतं बसून बघ असंच म्हटलं होतं. पण एक शंका आहे. सदरे शिवायला त्याला कितीसा वेळ लागणार? एकदा कपडा हातात पडला की गिऱ्हाईक शिंप्याला तोंड दाखवत नाही. सदरे वाटून झाले की लोकही घरी आणि हाही खुर्चीत. हे त्याच्या कानावर सहज पडेल असं बघ.

शनिवारी काय होतं ते कळव. जीव टांगणीला आहे.

तुझी वन्स


दि. १ फेब्रुवारी

ती. वन्संस सा. न. वि. वि.

तुमची शंका मी ह्यांच्या कानावर घातली. माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू शिंप्याघरी नांदलेच नाही. शिंपी कधी एका खेपेत कपडा देतो का, म्हणाले.

पहिल्या खेपेला सदरे दिले ते बिनकॉलरचे. दुसऱ्या खेपेला कॉलर झाली, बटणं राहिली. विचाराल तर खिसा पुढच्या खेपेला. शिवाय नियम असा, की बगल नीट बसली की नाही ते हात वर केल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी सगळा व्यायाम, मग सदऱ्याची तपासणी. आणि हात कसा वर करायचा ते समोर उभं राहून दाखवतं कोण, तर हेच. बेकरीवाल्याला आता वेळ सापडतो, तो खिशासाठी अडून बसला आहे. शाळेच्या बाईंना चष्म्याचा निराळा खिसा हवा आहे, गुडघ्याचं नावही काढत नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, वर्ग सुरू झाल्यापासून एकही माणूस गळला नाही असा हा पहिला महिना. आयुष्यभर शिंप्यांच्या ज्या खोडीला शिव्या दिल्या, ती औषधासारखी लागू पडली म्हणतात.

आता कालचा शनिवार. गिऱ्हाईक हातगाडी घेऊन आलं तेव्हा हे वर्गाला गेलेले. त्याने मशीन द्या म्हटलं. मी मालक येऊ द्या म्हटलं आणि पाणी दिलं. त्यातलं अर्धं त्याच्या पायावर सांडलं. तेवढ्यात हे आले, तुमचे बूट घालून, पायी, मागे बेकरीवाला आणि शाळेच्या बाई, तिघे नव्या सदऱ्यांत. गाडी बघून हे दारातच थांबले. मला वाटलं, संपलं.

हे गिऱ्हाइकाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कोटाची बाही दोन बोटांत धरून ओढली. टर्रकन सुटली, वन्स. शाळेच्या बाई मटकन खाली बसल्या हसायला. हे शांतपणे म्हणाले, काढा तो कोट, असं उघडं जाऊ देणार नाही तुम्हाला. दुकानाचं कुलूप काढलं. दोऱ्याचं रीळ वरच्या फळीवर होतं. मी काढायला धावले, तर मला बाजूला सारून टाचा उंचावल्या आणि स्वतः काढलं. मशीनचा आवाज ऐकून शेजारीपाजारी डोकावले. गाडी रिकामी परत गेली. मजुरी घेतली नाही, ते मी मनात लिहून ठेवलं आहे. पण जाताना त्याला सांगितलं, की एक बटण सैल आहे, पुढच्या शनिवारी या.

रात्री देवापुढे बसले तर मागायला काही सुचेना. नुसती बसून उठले.

ह्यांना म्हटलं, वन्संकडून कोटाचं माप मागवू या का? हे म्हणाले, पत्रातल्या मापावर मी कापडाला कात्री लावत नाही. नर्सबाईंना विचारून आले आहेत. दर मजल्यावर थांबायचं, दम खायचा, घाई करायची नाही, म्हणजे चौथा मजला चालेल. प्रत्येक मजल्यावर घटकाभर टेकायला एक स्टूल मांडून ठेवा. माप पाठवू नका, आणि तो कोट खुंटीवरून हलवू नका, ह्यांना दारातूनच त्याला नावं ठेवायची आहेत. फक्त कोणत्या दिवशी घरी असाल तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी