न्यामेकेये, तुला बघून घेतो!

मंगळवार, ४ मार्च

रक्त — सकाळी एकदा. चमचाभर.

नर्सने सांगितलंय, कधी पडतं, किती पडतं ते रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. पण नुसतं रक्त लिहून माझं समाधान व्हायचं नाही. रक्त काढणाऱ्याचं नावही लिहितो — न्यामेकेये! स्वतःला डॉक्टर म्हणवतो. टेकिमानला माझ्या प्रवासी गाडीत चढतो, आधी प्रार्थना म्हणतो, मग मूळव्याधीच्या बाटल्या विकतो आणि किंटाम्पोला उतरतो. तीन वर्षं चाललंय.

मूळव्याध होतीच मला. कुमासी ते तामाले, दिवसभर स्टिअरिंगमागे बसून होणार नाही तर काय! त्याच्या चार बाटल्या संपवल्या, फरक शून्य. मागच्या शनिवारी म्हणाला, "मास्टर, नुसतं पिऊन आत पोचत नाही. आलं आणि लाल मिरची वाटा, कोमट पाण्यात कालवा, बेंतुआच्या, म्हणजे एनिमाच्या, रबरी फुग्यात भरा आणि मागून सोडा. आपले आजे-पणजे हेच करत आले."

केलं. ब्रह्मांड आठवलं! न्हाणीच्या फरशीला गाल टेकून आईला हाका मारल्या. तिला जाऊन अकरा वर्षं झालीत. आफियाने दाराची कडी तोडली तेव्हा मी तसाच होतो, उघडा. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण असा तिने मला कधी बघितला नव्हता.

हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, "मिरची? तिकडून?" लिहिता लिहिता थांबलाच तो. मग म्हणाला, मलमाची वेळ गेली, कापावं लागेल. वीस तारीख.

नर्सला हे पान दाखवायचं नाही.

बुधवार, ५ मार्च

रक्त — दोनदा.

आफियाची उशी सीटवर ठेवून गाडी काढली. मागून एक बाई ओरडली, "ड्रायव्हर, उशी का? गाडीत झोपायचा विचार आहे की काय?" सगळी गाडी हसली. प्रत्येक खड्ड्याला मी न्यामेकेयेच्या सात पिढ्या काढल्या. त्या रस्त्यावर खड्डे पुष्कळ आहेत.

तो टेकिमानला दिसला नाही. कोणीतरी कानावर घातलं असेल. लप, किती लपतोस!

गुरुवार, ६ मार्च

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. पोरं शाळेच्या संचलनात बूट आपटत होती. मी घरी, टबात, मिठाच्या पाण्यात बसून देशाला सलामी दिली.

शनिवार, ८ मार्च

रक्त — एकदा. पण दुखणं दुपारपर्यंत.

गाडीतळावर वोफा डोंकोर भेटला. सगळ्यात जुना ड्रायव्हर, सगळ्यांचा मामा. मी काही बोललो नव्हतो तरी त्याला सगळं माहीत! "हे बघ यॉ, घाबरू नको. माझ्या मेहुण्याचं झालं होतं. कण्यात सुई घालतात, कमरेखाली मेल्यासारखं होतं. तीन आठवडे उभ्याने जेवला. नंतर मात्र — शिंक आली की सांभाळावं लागायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे सांभाळावं लागायचं. आता सगळं सांगायचं का तुला?"

कण्यात सुई! चुकून इकडे तिकडे लागली तर? पाय परत जागे झालेच नाहीत तर? क्लच कोण दाबणार? चौघांची तोंडं त्या क्लचवर चालतात. आणि ते टेबलावर पालथं घालून... नर्स पोरीसारखी आहे माझ्या! छे!

रविवार, ९ मार्च

चर्चला गेलो नाही. बाकावर दोन तास कोण बसणार.

आफियाला म्हणालो, तारीख पुढे ढकलू या. जेवण वाढता वाढता थांबली. "सुईला घाबरतोस! मिरचीला नाही घाबरलास तो!"

 फुफूचा गोळा गिळला आणि उठलो. उठायलाही अर्धं मिनिट लागलं.

मंगळवार, ११ मार्च

रक्त — दोनदा, जास्त.

काय करायचं ते ठरलं. त्याला मारायचं नाही. मारलं तर लोक त्याचीच बाजू घेतील. त्याला त्याच्याच दुकानात उघडा करायचा, म्हणजे माझ्या गाडीत, भर प्रवाशांसमोर!

एक गोष्ट आहे. इथे मीच वाचणार आहे, तर लिहून टाकतो. त्याच्या बाटल्या खपायच्या त्या माझ्यामुळे. तो बोलून बोलून थकला की म्हणायचा, "विश्वास नसेल तर ड्रायव्हरला विचारा!" मग मी गाडी हळू करायचो आणि मागे न बघताच मोठ्याने सांगायचो — "मलाही होती! याच्या तीन बाटल्यांत गेली! मेलेल्या आईची शपथ!" तेव्हा मला साधी पोटदुखी नव्हती. बदल्यात दर महिन्याला यामचे चार चांगले कंद मिळायचे. चेष्टाच होती ती, रस्त्यावरची. लोक हसायचे आणि घ्यायचे.

तीन वर्षं बोलून बोलून मलाच खरं वाटायला लागलं. नाहीतर मी कशाला प्यायलो असतो ते पाणी?

शुक्रवार, १४ मार्च

झालं! आज मिळाला!

टेकिमानला मीच हाक मारली. गोड बोललो. चढला — कोट, टाय, बायबल, कर्णा, खोके. प्रार्थना म्हणाला. मग सुरू! "तुमच्यापैकी कितीजण संडासात रडतात? लाजू नका! गोडानेच मूळव्याध होते! गोड खाणं सोडा, डॉक्टर न्यामेकेयेला धरा!" पाच-सहा हात पुढे आले. मी दातओठ खात वाट बघतोय. आणि आलं ते वाक्य — "ड्रायव्हरला विचारा!"

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद. वळलो, म्हणजे कण्हत कण्हत वळलो. आणि सगळं सांगितलं. बाटल्या, आलं, मिरची, फरशी, रक्त, वीस तारीख. "हा डॉक्टर नाही, हा कसाई आहे!"

 मग जो गदारोळ उठला! एका म्हातारीने बाटली त्याच्या अंगावर फेकली. एकजण म्हणाला, पैसे टाक. न्यामेकेये माझ्या सीटला बिलगला. हळू आवाजात म्हणाला, "मास्टर, असं नका करू. तुमच्यावाचून मी एक बाटली विकली नसती हो!"

"उतर," मी म्हणालो.

उतरवला! दोन गावांच्या मध्ये, भर उन्हात, खोक्यासकट. आरशात लहान लहान होत गेला. असं बरं वाटलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा बुडाखाली उशी आहे हे विसरलो.

लोक मलाही हसले, मिरचीवरून. तामालेच्या तळावर मी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. हसा.

सोमवार, १७ मार्च

रक्त — एकदा.

न्यामेकेयेने आता दुसरा मार्ग धरलाय म्हणे. मी तिथल्या ड्रायव्हरांना निरोप धाडलाय. तिथेही पाय ठेवू देणार नाही!

बुधवार, १९ मार्च

उद्या.

 आफियाने पिशवी भरली — दोन लुंग्या, साबण, पपई. मी म्हणालो, काही झालं तर गाडी तुझ्या भावाला देऊ नको, तो गिअर मोडेल. ती म्हणाली, "काही होत नाही मूळव्याधीने." आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसलं. मी बघितलं.

पळून जावंसं वाटतं, खरंच. पण मी मेलो तर तो न्यामेकेये माझ्या अंत्यविधीला येईल, काळे कपडे घालून, आणि मांडवात बाटल्या विकेल. नाही! त्याला तेवढं सुख द्यायचं नाही. म्हणून जातो.

शुक्रवार, २१ मार्च

जिवंत आहे! पाय हलतात. दोन्ही! सुई मुंगीएवढी लागली. वोफा डोंकोरचा मेहुणा नक्की खोटारडा.

दुखतंय, पण हे दुखणं स्वच्छ आहे. वॉर्डात आठ खाटा. शेजारी याकुबू मास्तर, किंटाम्पोकडचे, शाळेत गणित शिकवतात. वाळलेला माणूस, पण बोलायला गोड. माझ्यासाठी संत्रं सोलून दिलं. काय झालंय ते विचारलं तर म्हणाले, "उद्या कळेल."

शनिवार, २२ मार्च

डॉक्टर मास्तरांच्या खाटेपाशी बराच वेळ बसले होते. गेल्यावर मास्तर छताकडे बघत म्हणाले, "मूळव्याध नव्हतीच. गाठ आहे. दीड वर्षापूर्वी आला असतात तर काढता आली असती, म्हणतात."

मी विचारलं, का नाही आलात?

"गाडीत औषध घेतलं होतं. विकणाऱ्यावर राग नाही माझा, ते खोटंच बोलतात. मी घेणारच नव्हतो. पण ड्रायव्हरने मेलेल्या आईची शपथ घेतली हो! अशी शपथ कोण खोटी घेतं? मी मागे बसलो होतो, तोंड दिसलं नाही. माझ्या दोन्ही मुलांना सांगितलंय, माझं काहीही होवो, तो माणूस शोधायचा."

मग त्यांनी पांघरूण छातीवर ओढलं आणि माझ्याकडे वळले. "तुमचं विचारायचंच राहिलं. तुम्ही काय करता?"

"सुतार," मी म्हणालो.