मेलेल्या बिगुलवाल्याची चाल

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकल्या,

आशीर्वाद. नमस्कार तू करायचास, मोठा मी आहे. पण तुझं पत्रच येत नाही, तर नमस्कार पोचणार कुठून? असो. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामाला लावला की गप्प बसतो.

दाताच्या डॉक्टरांकडे अजून कवळ्या करायला जातो. त्यांच्याकडे नवीन मशीन आलंय, ते म्हणे दात छापतं. छापू दे बापडं. घासून बसवायला शेवटी मलाच बोलावतात.

आता खरी बातमी ऐक. भंगारवाल्याच्या पोत्यात रेडिओवाला सापडला! तोच रे, गुडघा टेकून कानाला फोन लावलेला. शाळेतून येताना खेळण्यांच्या दुकानात शिरून आपण प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या पिशव्या बाहेरून चाचपायचो ना, त्याच्यासाठी? मालक हाकलायचा आणि तू मलाच पुढे करायचास. तर तो. त्याची एरियल पार वाकलेली होती. गरम पाण्यात धरून मऊ केली, सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात बुडवली. एक पाऊल तुटलं होतं, ते मी कवळीच्या मसाल्यानं करून बसवलं. त्यामुळे गडी हिरवा आणि बूट हिरड्यांसारखा गुलाबी. हसू नकोस.

इतका आनंद झाला की "अगं, हे बघ" म्हणत स्वयंपाकघराकडे वळलो. तुझी वहिनी जाऊन इतका काळ लोटला, तरी मान वळतेच. मग त्याला खिशात घालून जिन्यात उभा राहिलो, म्हटलं कुणीतरी येईल. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आल्या. "छान आहे हो, नातवासाठी घेतलात का?" म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. मूलबाळच नाही, तर नातू कुठला? पण जिन्यात उभं राहून काय काय सांगत बसणार!

टेबलावरची आपली लढाई आहे तिथेच आहे. कामवाल्या बाईंना टेबलाला फडकंसुद्धा लावू देत नाही. मी खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून उभ्यानं जेवतो. तुझी चाल पत्रानं यायची, मी इथे तुझे खाकी सरकवायचे. माझी चाल गेली की तिथे तू माझे हिरवे सरकवायचे. दोघांच्या टेबलावर एकाच ताग्यातलं चौकटीचं मेणकापड. इतक्या वर्षांत या टेबलात आणि त्या टेबलात एका घराचाही फरक पडला नाही. कुणाला सांगितलं तर दोघांनाही वेड्यात काढतील.

तुझी शेवटची चाल काय होती? "बिगुलवाला पुलावर." अरे, तुझा बिगुलवाला उन्हाळ्यातच मेला. माझ्या तोफेनं उडवला. तेव्हा तू पानभर शिव्या लिहून पाठवल्या होत्यास, "लबाड कवळीवाल्या" म्हणून. मी उलट लिहिलं, "मेलेल्यांना चालवायला लागलास? म्हातारा झालास की काय?" गंमत केली रे, नेहमीसारखी. त्यानंतर तुझं पत्र नाही.

आधी वाटलं, रुसलास. त्यात तू लहानपणापासून पटाईत. मग वाटलं, पत्र पोस्टात गहाळ झालं असेल. पोस्टमनला इतकं पिडलं की तो आता मला बघून फुटपाथ बदलतो.

मध्येच उठून चहा करून आलो. चहा नकोच होता खरं तर. पुढचं लिहायचं जिवावर आलं होतं.

रविवारी तुझ्या घरी फोन केला. तू झोपला होतास. तुझी बायको आधी "सगळं ठीक आहे, भाऊजी" म्हणाली आणि मग रडायलाच लागली. म्हणाली, "तुमचं पत्र आलं की हातात घेऊन टेबलापाशी उभे राहतात. कोण कुठे न्यायचा ते उमगतच नाही त्यांना. मला विचारतात, हिरवे आपले की दादाचे? मला मेलीला कुठे काय कळतंय त्यातलं! परवा सगळे उचलले आणि एका रांगेत लावले, हिरवे खाकी सगळे एकत्र. वर मला म्हणाले, दादाला सांगू नकोस, तो हसेल." डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नावही तिनं सांगितलं. मी ते लिहून घेतलं नाही.

गाढवा, मी हसेन? तुला? आणि माझ्यापासून लपवतोस?

फोन ठेवला आणि टेबलाशी बसून हमसून हमसून रडलो. एकटं असलं की कुणी "काय झालं?" म्हणून विचारत नाही, तेवढं एक बरं असतं. त्या दिवशी तेही बरं वाटलं नाही. मला तुझी काळजी वाटली, आणि खोटं कशाला बोलू, माझीही वाटली. त्या दुकानात पिशव्या चाचपणारी दोन पोरं तू विसरलास, तर त्यांना ओळखणारा मी एकटाच उरलो की रे.

मग मेलेल्यांचा डबा काढला. तुझा बिगुलवाला शोधला, धुतला आणि पुलावर उभा केला. चाल मान्य. मग म्हटलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? डबा उपडा केला. झाडून सगळे उठवले आणि एका रांगेत लावले, हिरवे खाकी एकत्र. तुझ्याकडे आहेत तसेच.

कुठला आपला आणि कुठला दादाचा, हे आता कुणाला विचारू नकोस. सगळे आपले.

शनिवारच्या गाडीनं निघतोय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुझ्या बायकोला विचारलंय, ती म्हणाली, "आत्ता या." दाताच्या डॉक्टरांनाही सांगितलं, आता छापा म्हटलं हवे तेवढे दात.

दार तूच उघड. चेहरा ओळखीचा वाटला नाही तर ओशाळू नकोस, सरळ "कोण?" म्हणून विचार. मी सांगेन. पुन्हा विचारलंस, तर पुन्हा सांगेन. मला दुसरं काम तरी काय आहे?

तुझा,
दादा
(म्हणजे तुझा सख्खा मोठा भाऊ)