दुसरा दोर

किलबॅरी,
२१ सप्टेंबर

प्रिय एफी,

तू ओबनला नीट पोहोचलीस आणि कामावरही रुजू झालीस, असं जेस आत्याकडून कळलं. इथे सगळं ठीक आहे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, बाकी तब्येतीची तक्रार नाही. ऑफिसात रस्त्यांची कामं हिवाळ्याआधी उरकायची घाई चालली आहे. बाबांची खोली तू आवरून गेलीस तशीच आहे. खिडकी मी अधूनमधून उघडतो.

आपला संघ युरोपच्या स्पर्धेतून बाहेर पडला हे तू वाचलं असशील. नसशीलही, तुला फुटबॉलचं कधी वेड नव्हतं. नॉर्वेच्या संघाला हरवलं तेव्हा गावाला आभाळ ठेंगणं झालं होतं. मग तुर्कस्तानचा संघ आला. तिकडे चार गोल खाल्ले, इकडे दोन. आपला एकच झाला, तोही त्यांच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून. माझ्या मागच्या रांगेत बसणारा डगी म्हणाला, "चला, युरोपात किलबॅरीचं नाव लागलं. गुडघा परका असला म्हणून काय झालं?" हसू आलं. बाबा असते तर त्यांनी डगीला आणखी काहीतरी ऐकवलं असतं.

नॉर्वेवाले इथे आले त्या सामन्याआधी सगळ्या मैदानाने बाबांसाठी, क्लबचे इतके जुने चाहते म्हणून, मिनिटभर टाळ्या वाजवल्या. फलकावर त्यांचा फोटो होता, टोपी घातलेला. पलीकडच्या नॉर्वेच्या लोकांनीसुद्धा वाजवल्या, त्यांना कोण आर्ची रेनी हे माहीत नसताना. तू तेव्हा त्यांची उरलेली औषधं दवाखान्यात परत द्यायला गेली होतीस. तुला हे सांगायचं राहून गेलं होतं.

दफनाच्या दिवशी जे झालं त्याबद्दल तुझ्या मनात काही असेल तर काढून टाक. दफनाचं सगळं बघणाऱ्या पर्डीच्या माणसांनी दोरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या वाटताना गडबड केली असणार. पेटी कबरीत उतरवायला आठ दोर, ते धरायला आठ माणसं, त्यात ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे एकामागून एक दफनं. कुठेतरी नंबर इकडचे तिकडे झाले. मी पर्डीशी बोलेन.

थंडीचे कपडे इथेच राहिलेत. पाठवू का?

तुझा भाऊ,
गिल्बर्ट

—

किलबॅरी,
४ जानेवारी

प्रिय एफी,

नवं वर्ष तुला सुखाचं जावो. तुझं कार्ड मिळालं. त्यात एकच ओळ होती, "पर्डी म्हणतो, नावं तूच दिलीस." ती वाचून मी कार्ड कपाटावर उभं करून ठेवलं, बाकीच्या कार्डांबरोबर. मग लक्षात आलं की ती ओळ आत असली तरी मला बाहेरून दिसते. शेवटी कार्ड खाली घेतलं.

हो, नावं मी दिली. पर्डीची चूक नव्हती. त्याच्यावर ढकलायला नको होतं.

झालं असं की क्लबचे चेअरमन, मिस्टर लॅम्ब, यांची इच्छा होती. टाळ्यांचा कार्यक्रम क्लबने केला, हार क्लबने पाठवला. एवढा मोठा माणूस दोर धरायला तयार आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि तुला माहीत आहे, आपल्याकडे बायका दोर धरत नाहीत. आजीच्या वेळी आत्या दफनभूमीच्या फाटकाशीच थांबली होती. हल्ली धरतात, मला माहीत आहे. पण बाबांच्या पिढीच्या लोकांना ते रुचलं नसतं.

इकडची बातमी अशी की आपण दहाव्या नंबरवर आहोत आणि खाली सरकतोय. गुरुवारी युरोप आणि रविवारी लीग, त्यात पोरांचे पाय गेले. चांगला खेळणारा एकच होता, तो डावीकडचा केरिगन, त्याला इंग्लंडला विकतायत. मला हे आतून कळलं, कारण ऑक्टोबरपासून मी संचालक मंडळावर आहे, चाहत्यांचा प्रतिनिधी म्हणून. मिस्टर लॅम्बनीच सुचवलं. तुला सांगणार होतो.

डगी मला आता "साहेब" म्हणतो. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "उठा रे, लॅम्बच्या कळपातलं कोकरू आलं, बसायला जागा द्या." मी हसण्यावारी नेलं.

एकतीस तारखेच्या रात्री दाराला कडी घातली नव्हती, पण बारानंतर नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला कुणी आलं नाही. बाबा असताना दारात रांग असायची. ती त्यांच्यासाठी होती हे मला माहीत होतं, तरी वाईट वाटलं.

कपड्यांचं काय करू ते कळव.

तुझा भाऊ,
गिल्बर्ट

—

किलबॅरी,
२ जून

प्रिय एफी,

तू तब्येत विचारली नाहीस आणि मी सांगत नाही. आपण खालच्या श्रेणीत गेलो. शेवटच्या दोन सामन्यांत टिकायची संधी होती. तिकडे बरोबरी झाली आणि इथे हरलो. ज्या वर्षी पहिल्यांदा युरोप पाहिला त्याच वर्षी घर गेलं, असं सगळे म्हणतात. पण हे पत्र त्यासाठी नाही.

जानेवारीत मी तुला जे लिहिलं तेही खरं नव्हतं. लॅम्बनी दोर मागितला नव्हता. मी देऊ केला.

नॉर्वेला हरवलं त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वरच्या खोलीत बोलावलं, जिथे संचालक बसतात. गालिचा, गरम सँडविच, ग्लासं. मी तीस वर्षं त्या खोलीच्या काचा खालून पाहत आलो होतो. लॅम्ब माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आर्चीचं घर म्हणजे क्लबचं घर. काही लागलं तर सांगा." लोक असं म्हणतात, म्हणायचं असतं. मी 'आभार' म्हणून खाली यायला हवं होतं.

मी म्हणालो, "तुम्ही दुसरा दोर धराल का? पायाकडचा."

ते दचकले. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "दुसरा? अहो, तो घरच्यांचा असतो. तुमची बहीण आहे ना? तिनेच तर त्यांचं सगळं केलं."

मी म्हणालो, "ती नको म्हणाली."

एफी, हे वाक्य बोलताना मला एक क्षणही थांबावं लागलं नाही. जणू ते तयारच होतं.

आणि मला बाबांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. जुलैत, तू त्यांची उशी सरळ करत होतीस, मी खिडकीपाशी होतो. ते म्हणाले होते, "डोकं गिल्बर्टला द्या, त्याला तसंही ते कमी पडतं. पाय एफी धरेल. दोन वर्षं तीच नखं कापतेय, ओळखीचे आहेत तिच्या." तू म्हणालीस, "गप्प पडा, अजून बरीच नखं कापायचीत." ते तुला 'पोरी' म्हणाले आणि झोपले. मी ऐकलं होतं. तुझ्याइतकंच स्पष्ट.

का केलं ते मी बरेच महिने स्वतःलाच वेगवेगळं सांगत आलो. खरं एवढंच आहे की मला पुन्हा त्या खोलीत बोलावलं जावं असं वाटत होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणखीही एक आहे, ते जास्त वाईट आहे. शेवटच्या दिवसांत ते तुझंच नाव घ्यायचे. मी त्यांचा फुटबॉलचा माणूस होतो, आणि गेल्या हंगामात त्यांना मैदानावर न्यायचंही मी सोडून दिलं होतं. चाकाच्या खुर्चीवाल्यांना कोपऱ्यात बसवतात, सोबतच्यालाही तिथेच बसावं लागतं, आणि मला माझी जागा सोडायची नव्हती. तुला सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. मी आलो की ते विचारायचे, "कसे खेळले?" मी सांगायचो. त्यांनी कधी दोष दिला नाही. म्हणून बहुधा तो दोर मला तुझ्या हातात बघवला नसता.

कबरीपाशी पर्डीने "दोन नंबर" अशी हाक मारली तेव्हा तू पुढे झालीस. चिठ्ठी मिळाली नव्हती तरी तू आलीस, कारण तुला शंकाच नव्हती. तुझा हात पुढे होता. लॅम्ब पलीकडून आले, तुझ्याकडे बघून त्यांनी मान झुकवली आणि दोर घेतला. तुझा हात तसाच राहिला, मग तो कोटाच्या गुंडीकडे गेला, जणू तू गुंडीच लावायला निघाली होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पेटीकडे पाहत राहिलो. मग लॅम्बच्या हातमोज्यातून दोर सटकला आणि पायाकडची बाजू आधी खाली गेली. तुझ्या तोंडून "सावकाश" एवढंच निघालं, त्यांना खुर्चीतून पलंगावर घेताना म्हणायचीस त्याच आवाजात. मी माझा दोर धरून उभा होतो. मी काही केलं नाही.

नंतर तू चहाला आली नाहीस. लोक विचारू लागले. मी म्हणालो, ती थकली आहे. मग डगीची बायको म्हणाली, "दोरही नको म्हणाली म्हणे? शहरात राहून माणसं अशीच होतात." मी सँडविचची ताटली पुढे केली. तेवढंच. तेव्हापासून गावात तुझ्याबद्दल तेच बोलतात. मी ते आठ-नऊ महिने ऐकत आलो. एकदाही अडवलं नाही.

आता का सांगतोय? स्वतःहून नाही, हे आधी लिहितो म्हणजे तू मला बरा समजणार नाहीस. शेवटचा सामना हरल्यावर आम्ही त्या वरच्या खोलीत बसलो होतो. खाली लोक लॅम्बच्या नावाने ओरडत होते, केरिगनला विकल्याबद्दल. लॅम्बचा चेहरा उतरला होता. ते मला म्हणाले, "या हंगामात एकच गोष्ट माझ्याकडून चांगली झाली, गिल्बर्ट. आर्चीचा दोर. तुमच्या बहिणीने एवढ्या मोठ्या मनाने तो मला दिला. मी तिला कधी लिहिलं नाही. पत्ता द्याल?"

मी पत्ता द्यायला खिशातलं पेन काढलं. खरंच काढलं. आणि मग मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "तिने दिला नव्हता. तिला विचारलंच नव्हतं."

ते म्हणाले, "मी तिच्याकडे बघून मान झुकवली होती. आभार म्हणून. तिला काय वाटलं असेल?" मग म्हणाले, "आणि माझ्या हातून तो सटकला." त्यांना रडू आलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "जा तुम्ही. कृपा करून जा."

खाली डगी आणि मंडळी होती. एकाला सांगितलंच होतं, म्हणून सगळ्यांना सांगितलं. डगी म्हणाला, "म्हणजे आर्चीच्या पोरीला आम्ही वर्षभर नाक उडवणारी म्हणत होतो आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास?" मी हो म्हणालो. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने फक्त विचारलं, "एफीचा फोन नंबर आहे का कुणाकडे?" मी सांगू लागलो, तर म्हणाली, "तुझ्याकडून नको. जेसकडून घेईन." तिचा फोन आला तर घे किंवा घेऊ नकोस. ती वाईट बाई नाही. तिला मी खोटं सांगितलं होतं.

संचालकपद सोडलं. त्याचं श्रेय मला देऊ नकोस. ठेवलंच नसतं त्यांनी.

बाबांच्या कबरीवरचा दगड अजून बसवलेला नाही. मी मजकूर दिला होता, त्यात क्लबचं बोधचिन्ह होतं. तो काल मागे घेतला. पर्डीला सांगितलं आहे की दिवस एफी ठरवेल, अक्षरं एफी ठरवेल, त्या दिवशी कोण येणार तेही तीच ठरवेल. पर्डी म्हणाला, "आणि तू कुठे उभा राहणार?" मी म्हणालो, ती सांगेल तिथे. नको म्हणाली तर फाटकाबाहेर.

तू त्याला कळव. मला कळवायची गरज नाही.

'तुझा भाऊ' लिहायला या वेळी हात धजत नाही, म्हणून नुसता

गिल्बर्ट