बंडीचे तीन मैल

दि. २८ डिसेंबर १९९३, मंगळवार. सकाळी.
चिरंजीव रेवणसिद्ध याने पुण्याहून यंत्र पाठविले. खिशातल्या घड्याळाएवढे, गोल, वर काच. मेड इन जपान. माणूस किती मैल चालला ते काट्याने दाखविते. परभणीच्या डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर असल्याचा आरोप करून रोज तीन मैल चालण्याचे फर्माविले आहे. डॉक्टर वयाने माझ्या नातवासारखा व मला 'आजोबा' म्हणतो. आता त्यास पुराव्यानिशी उत्तर देता येईल. तपासणी १७ जानेवारीस.

यंत्र कमरेच्या पट्ट्यास अडकवावे असे चित्र सोबतच्या कागदावर आहे. मी धोतर नेसतो. पट्टा ही पोलिसांची वस्तू. यंत्र करदोड्यास बांधले.

संकल्प: उद्यापासून शेतापर्यंत पायी.

दि. २९ डिसेंबर. सायंकाळी.
थंडी फार. छकड्याने गेलो. बैल नुसते उभे ठेवणेही योग्य नव्हे. यंत्र पोटास रुतू लागले म्हणून बंडीच्या खिशात ठेवले.

घरी येऊन पाहतो तो काटा तीनच्या पुढे! प्रथम मलाच आश्चर्य वाटले. मग विचार केला. छकड्यातून उतरलो, बांधावर उभा राहिलो, मुंजाजीस रागावलो, बाजेवर बसलो, पुन्हा रागावण्यास उठलो. माणूस स्वतःच्या कष्टांचा हिशेब ठेवीत नाही; तो यंत्राने ठेवला.

मुंजाजी हा आमचा सालगडी. म्हणतो, "अप्पा, तुमी तर दिसभर बाजंवरच व्हतात की." त्यास यंत्राची विद्या समजावून सांगितली. समजली नाही.

दि. २ जानेवारी १९९४, रविवार.
रोज तीन. काल चुडाव्याच्या स्टेशनाकडून फेरा घालून छकडे नेले, तर साडेचार. तो रस्ता खडीचा आहे. अवघड वाटेवरील कष्टांची यंत्र जास्त कदर करते असे दिसते. परदेशी माल.

व्यंकटराव यांस काटा दाखविला. त्यांचे शेत आमच्या शेतास लागून आहे व दरवर्षी आमच्याकडे वीतभर सरकते. ते म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, बैलाच्या गळ्यात बांधा की हे. त्यालाबी कळू द्या आपण किती चाललाव ते." मत्सर. दुसरे काही नाही.

पायी जाण्याचा संकल्प संक्रांतीपासून पाळावा. मधल्या काळात नाहक दुहेरी कष्ट नकोत.

दि. ६ जानेवारी, गुरुवार. दुपारी.
सौभाग्यवती गौराबाईने पुन्हा गुडघ्याचा विषय काढला. गुडघ्यात पाणी झाले म्हणते. पाण्यासाठी व भांड्यांसाठी सरजाबाईस कामाला ठेवा, असे वर्षभर चालले आहे. सरजाबाई समोरच राहते, पायलीभर ज्वारीवर महिना काम करील, वगैरे. मी म्हणालो, घरात माणसे दोन. बसून करण्याच्या कामास गडी लागत नाही. ती म्हणाली, "बसून म्हणायलाव? या, बसा एकदा चुलीफुडं."

हुज्जत घालणे माझ्या स्वभावात नाही. मी न्यायाची गोष्ट सांगितली. मंगळवारी येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आहे. शेतात तीस माणसांचे जेवण. त्याच्या तयारीचे दोन दिवस यंत्र तिने कमरेस लावावे. काटा तीनपर्यंत गेला तर सरजाबाई येईल. न गेला तर गुडघ्याचा विषय कायमचा बंद. यंत्रास नातेवाईक नसतात. ते कोणाची भीड धरणार नाही.

गौराबाई म्हणाली, "बांधा. मलाबी कळू द्या मी किती मरायलेय ते."

दि. १० जानेवारी, सोमवार. दिवेलागणी.
दोन दिवस यंत्र तिच्या कनवटीस होते. पहाटेपासून चुलीपुढे. तुरीचे दाणे, वाटाणे, वालाचे दाणे सोलणे. बाजरीचे उंडे. ताकातले आंबील घोटणे. भज्जीसाठी बेसन कालविणे. मोजक्या वेळा आडावरून पाणी. तेवढ्यापुरता काटा हलला. एकूण पाऊण मैलही नाही.

न्याय झाला. बसून केलेले काम हे काम नव्हे, असे यंत्राचे मत पडले. माझे मत पूर्वीपासून तेच होते, परंतु मी चौथी पास. माझे कोण ऐकतो?

गौराबाईस निकाल अद्याप सांगितलेला नाही. उद्या शेतात चार माणसांदेखत सांगेन, म्हणजे नंतर फिरवाफिरव होणार नाही.

दि. ११ जानेवारी, मंगळवार. येळवस.
अक्षर बिघडले आहे. थंडीमुळे.

सकाळी शेतात कडब्याची खोपीसारखी कोप बांधून पांडवांची पूजा यथासांग झाली. पिंगळीहून कन्या सत्यशीला आली होती. माणसे पंगतीस बसली. व्यंकटराव माझ्या समोरच. योग्य वेळ पाहून मी उभा राहिलो, यंत्र काढले व दोन्ही आकडे वाचून दाखविले. माझे अकरा दिवसांचे एकंदर पस्तीस मैल. गौराबाईचे दोन दिवसांचे पाऊण. कोणावर टीका केली नाही. केवळ आकडे.

 गौराबाई लंगडत वाढीत आली. सर्वांना उंडे व भज्जी वाढली. माझ्या हातातले यंत्र घेतले व माझ्या पत्रावळीवर, आंबिलात, ठेवले. म्हणाली, "ह्येच चाललंय तर सैपाकबी ह्यानंच केला असंल. ह्येच खावा."

व्यंकटरावास ठसका लागला. बायका पदरात तोंड घालून हसल्या. तीस माणसांत अशी बेअदबी माझ्या सदुसष्ट वर्षांत झाली नव्हती. मी उठलो नाही. उठलो असतो तर रागावलो असे दिसले असते. यंत्र पुसून खिशात घातले.

सायंकाळच्या पॅसेंजरने गौराबाई सत्यशीलेबरोबर पिंगळीस निघून गेली. जाऊ द्यावी. दोन दिवसांत येईल. तिला तेथील पाणी मानवत नाही.

दि. १२ जानेवारी, बुधवार.
संकल्प: घरचे सर्व काम स्वतः करणे व यंत्र लावूनच करणे. परत आल्यावर तिला काटा दाखवीन.

पूजेचे पाणी आडातून स्वतः काढले. झाडलोट. म्हशीची धार. म्हशीने मला ओळखले नाही. भाकरीचे पीठ मळले. भाकरी तव्यावर गेल्यावर तिला कडा राहिल्या नाहीत. भांडी घासली. घासण्यास बसलो तो उठता येईना, मुंजाजीने उठविले. "अप्पा, चुलीतला धूर डोळ्यात गेला का काय?" म्हणाला. गेला होता.

दिवसभर क्षणाची उसंत नाही. कंबर तुटली. काटा: जागच्या जागी.

यंत्रात आंबील गेले असावे.

दि. १३ जानेवारी, गुरुवार. भोगी.
यंत्र चुलीजवळ वाळविले. हलविले. ठोकले. काटा पुढे गेला. म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे. पुन्हा कमरेस लावून भोगीची भाजी निवडली, तीळ लावून भाकरी थापली. एका बाजूने कच्ची. सायंकाळी काटा अर्ध्यावरही नाही.

सरजाबाईस निरोप पाठविला की तुला कामावर घेण्यात येत आहे. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "गौराबाई आल्याबिगर मी आत पाय ठेवत न्हाई, अप्पा. तुमचं मशीन हाय ना? त्याला सांगा पाणी भरायला." या गल्लीतील बायकांस कोणीतरी शिकविलेले आहे.

दि. १४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
पायी जाण्याचा संकल्प आज सुरू होणार होता. घरकामामुळे सवड नाही.

रेडिओवर सकाळपासून विद्यापीठाचे नामांतर. सोळा वर्षांचा वाद मिटला असे सांगतात. आमचा तीन दिवसांचा मिटण्याचे चिन्ह नाही. बंदोबस्तामुळे एस.टी. आली नाही, त्यामुळे गौराबाई आली नसावी. आगगाड्या चालू आहेत असे मुंजाजी मुद्दाम सांगून गेला. त्यास विचारले नव्हते.

तिळगूळ कोणी दिला नाही. व्यंकटराव आले होते. मी दार लावून घेतले.

दि. १५ जानेवारी, शनिवार. सायंकाळी.
काल रात्री ताप होता. आज अंथरुणातच. उठलो नाही, जेवलो नाही. थंडीत बंडी घालावी म्हणून शोधली तर सापडेना. काल काटा शून्यावर लावून यंत्र तिच्याच खिशात ठेवले होते.

सूर्य मावळताना मुंजाजी शेतातून आला. काल वैरण उतरविताना काढलेली बंडी छकड्यातच राहिली होती. तेथेच दांडीस लटकून दिवसभर शेतास जाऊन आली. काटा पाहिला.

तीन मैल.

 मुंजाजी काट्याकडे पाहून म्हणाला, "अप्पा, बंडीची शुगर कमी झाली असंल." त्यास उद्या रजा दिली आहे. रजा नव्हे, शिक्षा आहे.

दि. १६ जानेवारी, रविवार.
विचारांती असे ठरविले की यंत्र खोटे नाही. ते धक्के मोजते. चालणे हा धक्क्यांचाच प्रकार आहे. एवढाच बारीक फरक. जपानी लोकांनी छकड्याचा विचार केलेला नसावा. चुलीचाही.

मग ते पस्तीस मैल कोणाचे? बैलांचे म्हणावे तर बैल अगोदरच चालतात.

यंत्र खुंटीस टांगले.

दि. १७ जानेवारी, सोमवार.
पॅसेंजरने परभणीस गेलो. यंत्र बरोबर नेले नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. साखर पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलेली. विचारले, "आजोबा, चालता ना?" मी म्हणालो, रोज तीन मैल. तोंडून निघून गेले. इतके दिवस तेच सांगण्याची सवय. डॉक्टर गंभीर झाले. एवढे चालूनही साखर वाढते तर रोग जुनाट आहे म्हणाले, व गोळ्या दुप्पट केल्या, आणि महिन्याने सुई सुरू करण्याचे लिहिले. त्यास खरे सांगण्यासाठी तोंड उघडले. बाहेर रांगेत व्यंकटरावाचा भाचा बसला होता. तोंड मिटले.

येताना गाडी पिंगळीस थांबली. उतरलो. गाडीत फार गर्दी होती, म्हणून.

स्टेशनापासून सत्यशीलेचे घर दूर नाही असे माझे नेहमीचे मत. तीन ठिकाणी बसावे लागले. एकदा गुरांच्या पाणवठ्यावर.

गौराबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. सत्यशीला गुडघ्यास तेल चोळीत होती. गुडघा दुधी भोपळ्यासारखा. वर्षभर ऐकत होतो, पाहिला आज.

मी म्हणालो, या वाटेने जात होतो. ती म्हणाली, "छकडं कुठंय?" म्हणालो, चालत आलो. ती म्हणाली, "मशीन कुठंय?" म्हणालो, घरी.

"मग चालत आलाव हे कशावरून?"

यावर माझ्याजवळ पुरावा नव्हता. सरजाबाईस कामावर ठेवीत आहे, एवढे बोललो. ती म्हणाली, "ठेवा. मी महिन्यानं यीन, गुडघा उतरल्यावर. तवर तुमी हितंच ऱ्हावा. तुमच्या हातचं खाल्लं तर म्हैस बी आटंल." डॉक्टरांची चिठ्ठी तिने मागितली व जावयाकडून वाचून घेतली. "रोज तीन मैल चालतात" या ओळीपाशी जावई थांबला, पण वाचले. गौराबाई हसली नाही. म्हणाली, "सुई घ्यायची का पाय हलवायचे, ते सांगा." उत्तर उद्या देतो म्हणालो.

दि. १८ जानेवारी, मंगळवार. पिंगळी. सकाळी.
पहाटे उठलो. कोणी सांगितले नव्हते. नळ गल्लीच्या टोकास आहे. दोन घागरी आणल्या, एकेक करून. वाटेत उभा राहून दम घेतला. यंत्र नाही, त्यामुळे किती झाले ते सांगता येत नाही. पुष्कळ झाले.

दुसरी घागर उतरविली तेव्हा गौराबाई दारात उभी होती. घागरीत डोकावून म्हणाली, "अर्दी सांडलाव की."